सांधा न भरलेली फरशी

कोल्हापुरात पावसाचे पाणी उतार पाहून वाहते, हा समज अज्ञानमूलक आहे. इतर पेठांत ते तसे वाहत असेल. आमच्या गल्लीत मात्र, नव्वदच्या दशकात, ते वॉर्डाच्या मुकादमांना विचारूनच वाहत असे. गटारी साफ करणाऱ्या सात-आठ जणांच्या टोळीचे हे प्रमुख. बेताची उंची, खाकी अर्धी चड्डी आणि गुडघ्यापर्यंत येणारे रबरी बूट, जे ते पायांत न घालता हातात घेऊन फिरत. "बुटात पाय घाटला की गाळ किती हाय त्ये कळतच न्हाय," असा त्यांचा युक्तिवाद होता. शासकीय खर्चाने मिळालेल्या पादत्राणांचा असा वापर हा गणवेशाच्या नियमांचा उघड भंग होता आणि तो मी लेखी निदर्शनास आणला होता. पत्राची पोच माझ्यापाशी आहे.

दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाल्यावर मी माझा संताप लेखणीकडे सोपवला, आणि गल्लीच्या मधून वाहणाऱ्या उघड्या गटारीने त्याला कधी उसंत दिली नाही. मुकादम मला "सायेब" म्हणत. माझ्यावर रागावले, की मात्र "पावणं" म्हणत, म्हणजे एका शब्दात मला परगावचा करून टाकत. ते मूळचे कुरुंदवाडचे, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर वाढलेले. लहानपणी प्रत्येक पुरात घरातली भांडी माळ्यावर चढवण्याचे काम त्यांच्याकडे असे. त्यामुळे पाण्याविषयी कोणी अभियंता बोलू लागला, की ते नम्रपणे आकाशाकडे पाहत राहत.

गाळ काढला, की तो त्याच दिवशी उचलला गेलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. काठावर ठेवलेला गाळ पहिल्या सरीबरोबर "माहेरी" परत जातो, असे ते म्हणत, आणि गाडी आली नाही तर स्वतः पाटी डोक्यावर घेत. त्यांची परीक्षा घेण्याची पद्धत तर कोणत्याही नियमपुस्तिकेत नव्हती. मे महिन्याच्या अखेरीस ते गल्लीच्या वरच्या टोकाच्या मारुतीच्या निर्माल्यातले झेंडूचे एक फूल उचलत, त्याला हात जोडत, गटारीत दोन बादल्या पाण्याबरोबर सोडत, आणि त्याच्याशी बोलत बोलत काठाने चालत. फूल त्यांच्याबरोबर खालच्या टोकाला पोचले, तर गटार पास. वाटेत रेंगाळले, तर टोळीला हाक. खालच्या टोकाला ब्लाऊज शिवणाऱ्या काकूंचे घर होते. गल्लीतले सर्वांत सखल. त्यांच्या उंबऱ्याला पाणी लागू द्यायचे नाही, एवढा एकच नियम मुकादम पाळत. आणि पस्तीस वर्षांच्या सेवापुस्तकात एकही वाईट शेरा नाही, एवढा एकच अभिमान बाळगत.

मी मात्र कायदा पाळत होतो. उघडी गटार आरोग्यास अपायकारक असल्याने ती झाकण्यात यावी, अशी मागणी मी इतकी वर्षे आणि इतक्या प्रतींत केली, की अखेर ती मंजूर झाली. काँक्रीटच्या फरश्या आल्या, ठेकेदार आला, सांधे सिमेंटने भरले गेले. फक्त माझ्या फाटकासमोरची, गटार वळते तिथली एक फरशी तशीच राहिली. दूधवाल्याची सायकल गेली, की ती खडखडे. स्कूटर गेली, की माझ्या चहाच्या कपाखालची बशीही खडखडे. निविदेतील अटीनुसार सर्व सांधे भरणे बंधनकारक होते. मी पाच पत्रे लिहिली. सहाव्याची वेळ आली नाही. सांधा भरला गेला.

त्याच दिवशी मुकादम बूट हातात घेऊन माझ्या फाटकाशी उभे राहिले.

"पावणं, ती फरशी म्या सांगून ऱ्हावू दिलती. वळणावर गाळ बसतोय. हात घालाय जागा नगं?"

"मग तसे लेखी द्यायचे होते."

"म्या जल्मात हजेरीबिगर काय लिवलं न्हाय. तुमी लिवा की दोन वळी. तुमचा कागद त्यास्नी कळतोय."

मी म्हणालो, की मंजूर अटीविरुद्ध अर्ज करणे माझ्या तत्त्वात बसत नाही. आज हे वाक्य लिहितानाही ते मला व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाटते, आणि त्यापलीकडे त्यात काहीही चांगले दिसत नाही.

जुलैत एका दुपारी पाऊस असा लागला, की दोन तासांत पाणी फरश्यांवरून वाहू लागले. खालून काकूंचा आवाज आला, "अवो मुकादम! गिऱ्हाइकांचे झंपर भिजल्यात की!" शिलाई मशीनच्या पायडलपर्यंत पाणी चढले होते आणि त्या बेतलेली कापडे डोक्यावर धरून उभ्या होत्या. मुकादम पहार घेऊन धावत आले ते थेट माझ्या फाटकाशी.

"पावणं, बाजूला व्हा."

"अहो, ही सार्वजनिक मालमत्ता आहे. लेखी परवानगी आहे का?" सवयीने माझ्या तोंडून गेले.

"पान्याला इचारा, त्येच्याकडं हाय का!"

चार घावांत सांधा फुटला, फरशीचा कोपराही गेला. फरशी बाजूला सारून, गटारीतल्या कमरेइतक्या पाण्यात उतरून त्यांनी गाळात अडकलेले एक पोते ओढून काढले. पाण्याने तिथे एक भोवरा घेतला आणि गल्ली रिकामी होऊ लागली.

आठ दिवसांनी ते एक कागद घेऊन आले. सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान केल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस होती. संदर्भ म्हणून माझ्याच पाचव्या पत्राचा उल्लेख होता. निवृत्तीला तीन महिने उरले होते.

"ह्यात तुमचं नाव हाय. तेवढं वाचून दावा," ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. त्यामुळे वाचणे अधिक अवघड गेले.

माझी सर्व पत्रे "खेदपूर्वक निदर्शनास आणू इच्छितो की" अशी सुरू होत. त्या दुपारी लिहिलेले पत्र "चूक माझी आहे" असे सुरू झाले. त्यात एकही कलम नव्हते. खाली काकूंनी सही केली, आणि ते मी स्वतः कचेरीत नेऊन दिले. सदर फरशीचा सांधा यापुढे भरू नये, अशी विनंतीही जोडली. माझ्या तपशीलवार पत्रांना कधीही उत्तर न देणाऱ्या कचेरीने या पत्राला चार ओळींत उत्तर दिले : नोटीस मागे घेण्यात आली आहे, विनंती मान्य. मी ते मुकादमांना वाचून दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचायला लावले आणि म्हणाले, "सायेब, च्या ठेवा की जरा."

निवृत्त झाल्यावर ते कुरुंदवाडला परतले. निरोप घेताना सरकारी बूट जमा केले. ते नव्यासारखे होते. आता मे महिन्याच्या अखेरीस मीच मारुतीपाशी जाऊन, झाकलेल्या गटारीच्या वरच्या तोंडातून फूल सोडतो आणि खालच्या तोंडाशी पाहायला जातो. गुडघे साथ देत नाहीत, म्हणून ते बहुधा माझ्या आधी पोचते. मी त्याच्याशी बोलत नाही. अजून तेवढे जमलेले नाही.

परवा समोर नवे बिऱ्हाड आले. गृहस्थ तरुण, तक्रारअर्ज टाईप करून सहीसाठी माझ्याकडे आलेला. फरशी दिवसभर खडखडते, म्हणाला. अर्ज उत्तम होता, निविदेतील अटीचाही उल्लेख होता. मी तो वाचला, घडी घालून त्याच्या हातात परत ठेवला. बाहेरून एक स्कूटर गेली, आणि माझी बशी हलली.

"पावणं," मी म्हणालो, "खडखडू दे की ती."