कापसाच्या खोलीत सापडलेलं छिद्र

नदीवर जाण्याआधी सामान घरीच तपासावं. पुण्यातून निघण्यापूर्वी मी वल्हवताना घालायची वॉटरप्रूफ पँट उलटी करून पाण्याने भरली, गुडघ्यापाशी ओल आली तिथे खूण केली, वाळवून गोंद लावला. हवेची नाव मात्र घडीत बरी दिसली म्हणून तशीच पिशवीत भरली.

यवतमाळपर्यंत रात्रीची बस, पुढे दारव्ह्याकडे जाणारी एसटी. बोरी अरबला उतरायचं. दोन्ही बाजूंना वेचणी झालेली कापसाची पऱ्हाटी उभी होती. गावाजवळ अडाण नदी. हिवाळ्यात संथ, डोहात खोल.

मुक्काम मैत्रिणीच्या मावशीकडे. जेवायला भाकर आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी. भाकरी थापताना वत्सलामावशींनी विचारलं, "लग्न होऊन आली तवापासून या नदीवर धुणं धुतलं. मधात कधी गेली नाई. मले बसवशीन?"

मी हो म्हटलं. अंगणात नाव फुगवली. जेवण उरकून पाहिलं तर ती सैल पडली होती.

"हवा सोडून राह्यली नाव," मावशींचे यजमान महादेवकाका म्हणाले, "अन् हिले मधात जायचं हाये!"

"तुम्ही काठावर ऱ्हा. डुबली तं सांगाले कोनी पाह्यजे," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी परतीची एसटी होती. गळती आजच सापडायला हवी होती. अंगणात वारा होता, म्हणून मावशींनी आणि मी नाव मधल्या खोलीत नेऊन पुन्हा फुगवली.

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. लोक तो घरात भरून ठेवत. त्या खोलीत तो भिंतींशी आढ्यापर्यंत होता, मधे नावेपुरती जागा. दार लोटलं आणि रस्ता, कोंबड्या, शेजारचा रेडिओ, सगळं थांबलं. इतकी शांतता मी कुठल्याही जंगलात ऐकलेली नाही. आम्ही दोघी नकळत हळू बोलू लागलो.

मी शिवणींवर साबणाचा फेस लावला. बुडबुडे येतील तिथे छिद्र. पण खोलीभर उडणारी कापसाची लव फेसाला चिकटली आणि नाव मेंढीसारखी दिसू लागली. मावशी हसून खाली बसल्या. मग दोघींनी ओल्या फडक्याने सगळं पुसून काढलं.

नाव कोरडी झाल्यावर लवेचे तंतू पुन्हा तिच्यावर उतरले. मावशींनी माझा हात धरला. "हालू नको वो पोरी. ते पाह्य."

व्हॉल्व्हजवळच्या शिवणीवर एकच तंतू थरथरत होता. बाकी सगळे निपचित होते. आम्ही श्वास रोखला. तंतू थांबेना. न दिसणाऱ्या छिद्रातून हवा जात होती आणि ती आम्हाला दिसत होती.

पेनाने खूण केली, नावेतली हवा काढली. पुढचं काम सोपं असतं, घाई तेवढी नको: बारीक पॉलिशपेपर हलका फिरवायचा, स्पिरिटने पुसायचं, ठिगळ गोल कापायचं कारण कोपरे सुटतात. गोंदाचे दोन पातळ थर द्यायचे आणि बोटाला जेमतेम चिकटेल इतका वाळल्यावर ठिगळ दाबायचं. मावशींनी वरून लाटणं फिरवलं, मग पाटा ठेवला. सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही असं त्यांनी काकांना दोनदा बजावलं.

सकाळी नाव टणक फुगली. चहा होईतो टणकच राहिली. लुगड्यावर लाइफ जॅकेट घालून मावशी पुढे बसल्या. काठावरून काका ओरडले, "नाव धरून बस वो!"

डोहाच्या मधोमध त्या म्हणाल्या, "थांबव."

मी वल्हं आडवं ठेवलं. नाव आपोआप वळली. धुण्याचा दगड, वर गाव, घराची कौलं. सगळं समोर आलं.

"बाप्पा," मावशी हळूच म्हणाल्या, कापसाच्या खोलीत बोलत होत्या तशा. "मी तिथी ऱ्हायते?"

 काका काठावर उभे होते, नखाएवढे.

पुण्यात येऊन नाव धुतली, सावलीत वाळवली. मावशींचा फोन आला. "यायले, तुह्या काकाले, बी बसाचं हाये. सांगत नाई, पन रोज डोहावर जाऊन राह्यले."

मी दिवाणखान्यात नाव फुगवली, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. नावेच्या पिशवीत कापसाची लव आली होती. त्यातला एक तंतू ठिगळाच्या कडेवर ठेवला आणि श्वास रोखून पाहत राहिले.

तो हलला नाही.