आक्काची कॉफी, माझं लिंबू

"लाल होऊ द्या की!" हे आक्काचं पालुपद. बाजारात टोमॅटो दोन बोटांत धरून हलकेच दाबायची आणि तेच म्हणायची. कुणी पोरीच्या लग्नाची घाई केली तरी तेच, दूध संघाच्या गाडीवाल्याशी भांडायला बाया निघाल्या तरी तेच. "घाई कावून करता? लाल होऊ द्या." तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसतं. आमच्याकडे ते माझं बसायला हवं होतं. गल्लीत मी तिच्या आधीची.

शिरूर कासारकडच्या आमच्या गावात बायांची सहकारी डेअरी होती. मी दुधाची फॅट तपासायची, आक्का कॅन धुवायची. गावातली माणसं ऊसतोडीला जायची. ही मात्र काही हंगाम कर्नाटकात कॉफीची फळं तोडायला गेली. येताना ओल्या फडक्यात दोन रोपं गुंडाळून आणली आणि घरामागे शेवग्याच्या सावलीत लावली. सगळे हसले, सगळ्यांत जास्त मी. मेली रोपं जगली!

तोवर डेअरीत माझ्या लिंबाच्या लोणच्याचं कौतुक चालायचं. माझ्या दारात एकच झाड, पण गावात मला ओळख होती ती त्या झाडामुळे. आता जो तो विचारू लागला, "आक्का, कॉफी कवा पाजताव?"

तिची झाडं पहिल्यांदा फळली ते साल दुष्काळाचं. प्यायला टँकर. कॅन विसळलेलं पाणी आम्ही दोघी आळीपाळीनं न्यायचो, एक दिवस तिच्या कॉफीला, एक दिवस माझ्या लिंबाला. तिच्याकडे फळं लाल होत होती आणि माझं लिंबू पानं गाळत होतं. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू?

"फळ पिळून बी काढायची," ती बायांना सांगत होती, "भिजू घालायची, मंग बुळबुळ जाईस्तोवर धुवायची. लई पाणी लागतं."

मी ओळखलं, आता ही माझी पाळी मागणार. नकार पाठ करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती दारात आली. हातात भरली बादली.

"वैनी, तुमचं लिंबू वाळायलंय. घाला हे."

"आज पाळी तुमची हाय आक्का. आन् कॉफी धुवायची कशी?"

"न्हाई धुवत. सालीसकट वाळवते. तिकडं शेवटचा माल असाच वाळवत्यात."

"आन् झाडं?"

"त्यांनी एकदा फळ दिलं, बास झालं. तुमचं झाड जुनं हाय."

बाईनं मला नकार द्यायचीसुद्धा संधी दिली नाही. इतका राग मला तिचा कधी आला नव्हता. पुढे सगळा उन्हाळा तिची बादली माझ्या दारात येत राहिली.

फळं पत्र्यावर, जुन्या लुगड्यावर वाळली. ती रोज हातानं परतायची, एखादं कानाशी धरून हलवायची. आत बी खुळखुळू लागली तेव्हा उखळात हलक्या हातानं कांडली, सुपात पाखडली, लोखंडी तव्यावर भाजली. वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. जात्यावर दळून, दुधात गूळ घालून केलेला पहिला कप तिनं मलाच दिला. कडवट, धुरकट, जरा आंबूस. मी मनातून सुखावले. तेवढ्यात तीच हसली, "न्हाई जमलं बगा!" आणि बायांनी तिलाच डोक्यावर घेतलं.

कॉफीची झाडं त्याच उन्हाळ्यात वाळली. दूध आटलं तशी डेअरी बंद पडली. आक्का पुन्हा कर्नाटकात कॉफीच्या मळ्यांवर गेली ती तिकडंच राहिली, लेकीजवळ.

माझं लिंबू अजून धरतं. बाया वाटी घेऊन येतात, "वैनी, आक्काच्या लिंबाचं लोणचं हाय का?" झाड माझं, हात माझा, अन् नाव तिचं! मला आजही राग येतो. ती इथं असती तर तोंडावर सांगितलं असतं.