लंकामावशीच्या रक्तातली सूज

लंकामावशीच्या खानावळीत जेवलेली पोरं आज ठिकठिकाणी शेतकी अधिकारी आहेत. मावशीला त्यांची नावं आठवत नाहीत, भूक आठवते. "तो व्हय, कालवणात भाकरी चुरणारा? लई गुणाचं पोरगं," अशी तिची ओळख.

ती मूळची पाथर्डीकडची. लग्नानंतर बरीच वर्षं नवरा कानिफनाथबरोबर ऊस तोडायला जायची. पुढं त्याला राहुरीत रखवालदाराची नोकरी लागली, कोयता सुटला आणि मावशीनं कृषी विद्यापीठातल्या पोरांसाठी खानावळ घातली. कोयत्याच्या दिवसांतली एक सवय मात्र सुटली नाही, ती मिश्रीची. टोळीतल्या बाया तव्यावर काळी भाजलेली तंबाखू पहाटे दातांना घासायच्या. झोप उडायची, भूकही मरायची. आता घरात भाकरीची चळत असायची, तरी तळहातावर मिश्री घेऊन मावशी मोरीच्या कट्ट्यावर निवांत बसायचीच.

तीनेक वर्षांमागं तिचे गुडघे दुखायला लागले. भाकरी थापून उठताना भिंत धरावी लागे. सुकन्या, तिची सून, तिला डॉक्टर नॅथन साळव्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. सांधेवात आहे का ते बघायला डॉक्टरांनी रक्त तपासलं.

"सांधेवात नाही, गुडघ्यांची झीज आहे," रिपोर्ट बघून ते म्हणाले. "पण सीआरपी वाढलंय. अंगात कुठं सूज असली की रक्तात हे वाढतं. मधे ताप, खोकला काही?"

"न्हाई बा. धडधाकट हाय मी."

"मग महिन्याभरानं परत बघू."

महिन्यानंतरही आकडा तसाच चढलेला. या वेळी सुकन्या मोबाईलवर वाचून आली होती. तिनं जरा चाचरतच विचारलं, "डॉक्टर, हे कॅन्सरचं लक्षण असतं का?"

मावशीनं चमकून सुनेकडं बघितलं. डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला.

"या तपासणीवरून कॅन्सर आहे असं कुणीच सांगू शकत नाही. नुसती दाढ सुजली तरी हे वाढतं. पण ते कायमच वाढलेलं राहिलं, तर पुढं काही कॅन्सरांचा धोका थोडा जास्त असतो, असं अभ्यासांत दिसलंय. म्हणून मावशी, घाबरायचं नाही, आणि सोडूनही द्यायचं नाही. सूज कुठं आहे ते शोधू."

 त्या दिवशी घरी मावशीनं पीठ दोनदा मळलं, आणि एरवी जेवणाऱ्या पोरांवर खेकसणारी बाई गप्प वाढत राहिली. जेवणं झाल्यावर कानिफनाथनं विचारलं, तेव्हा म्हणाली, "माजं कायबी दुखत न्हाई. दुखत न्हाई त्याचंच भ्याव वाटतंय."

छातीचा फोटो काढला, पोटाची सोनोग्राफी झाली. काही निघालं नाही. मावशीला हायसं वाटलं. डॉक्टर मात्र थांबले नव्हते. एके दिवशी त्यांनी टॉर्च घेतली आणि तिला तोंड उघडायला सांगितलं. हिरड्या सुजलेल्या होत्या, बोट लागताच रक्त आलं. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता.

"हा कधीपासून?"

"ते व्हय? लई वर्सं झाली. तिखट लागलं की चुरचुरतंय. मिशरी तितंच धरते ना मी."

चट्ट्याचा बारीकसा तुकडा काढून नगरला तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत सुकन्या देवापुढं काय काय बोलली, ते तिलाच ठाऊक. कॅन्सर नव्हता. पण पेशी बिघडायला लागल्या होत्या.

"म्हंजे माज्या रगतानं आधीच सांगितलं म्हना," मावशी म्हणाली.

"तसं नाही," डॉक्टर हसले. "रक्तातली सूज बहुतेक हिरड्यांची. तिला शोधताना हा चट्टा सापडला. पुढं त्याचा कॅन्सर झाला असता की नसता, ते मलाही सांगता यायचं नाही. पण वाट बघत बसण्यात शहाणपण नाही. चट्टा काढून टाकू, हिरड्या दातांच्या डॉक्टरांकडून साफ करून घेऊ, आणि मिश्री आजपासून बंद."

चट्टा काढणं सोपं गेलं, मिश्रीनं मात्र घाम काढला. सकाळी डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही, भाकरी करपायच्या. एकदा तर शेजारणीकडं हळदी-कुंकवाला म्हणून गेली आणि परत आली ती पदरानं तोंड झाकूनच. सुकन्याला वासावरून कळलं. ती रागावली नाही, फक्त डब्यातली बडीशेप सासूच्या हातावर ठेवली. मावशी तिथंच बसून रडली. त्यानंतर तिनं मिश्रीला हात लावला नाही.

तिची दशा बघून कानिफनाथनंही आपली तंबाखूची पुडी चुलीत टाकली. त्याचा निग्रह पंधरा दिवस टिकला. नवी पुडी तो गोठ्याच्या वळचणीला लपवायचा आणि मावशीला ते माहीत होतं.

आज ती बरी आहे. हिरड्या भरून आल्यात, सीआरपी उतरलंय, गाल स्वच्छ आहे. गुडघे दुखतात ते दुखतातच. दर सहा महिन्यांनी तोंड दाखवायला जायचं तिनं कधी चुकवलं नाही. मागच्या खेपेला तिनं विचारलं होतं, "म्हंजे मी पुरती बरी का?"

"आत्ता बऱ्या आहात. लक्ष मात्र कायम ठेवायचं."

"आत्ता बरी हाय, एवडं बास."

परवा ती गेली तेव्हा कानिफनाथला बरोबर घेऊन गेली. आपला नंबर झाल्यावर ती खुर्चीतून उठली आणि तिनं नवऱ्याला दंडाला धरून तिथं बसवलं. त्यानं जेमतेम ओठ विलगले.

"आ करा," मावशी वरून म्हणाली, "निम्मं न्हाई, पुरतं. डाक्टर काय तुमाला गिळनार हायेत व्हय?"

डॉक्टरांनी टॉर्च लावली. हिरड्या खराब होत्या, चट्टा कुठं नव्हता. कानिफनाथनं तोंड मिटलं, खिशात हात घातला आणि पुडी काढून निमूटपणे बायकोच्या हातात दिली.