मला बाहेर बसवणारी सिस्टर

हृदयविभागातल्या समन्वयक सिस्टरना आम्ही आया आपसात फौजदारीण म्हणायचो. समोर म्हणायची हिंमत कुणात नव्हती. माझ्या मुलीच्या हृदयाचा एकच कप्पा जन्मापासून धड चालतो. हृदयाचे डॉक्टर वेगळे, यकृताचे वेगळे, दातांचे वेगळे, आणि एकानं दुसऱ्याला विचारून औषध लिहिलं असेल तर शपथ. त्यांची मोट बांधायचं काम या बाईंचं. एकदा दात काढायचा म्हणून दातांच्या डॉक्टरांनी तिची रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद केली. बाई तीन मजले उतरून त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. "फोन करायला बोटं दुखतात का तुमची?" खुर्चीतला पेशंट आ वासून ऐकत होता.

म्हणून त्या मला आवडायच्या. गेल्या महिन्यापर्यंत.

मुलीला अठरा वर्षं पूर्ण झाली. आता लहान मुलांचा विभाग सोडून मोठ्यांच्या विभागात जायचं. त्याआधीच्या शेवटच्या तपासणीत बाईंनी तिला विचारलं, "धाप लागते?"

"छे, अगदी छान आहे," मी म्हटलं.

"हृदय तुमचं की तिचं?"

"अहो, आई आहे मी तिची."

"म्हणूनच. ताई, तुम्ही बाहेर बसा."

तळपायाची आग मस्तकात गेली. अठरा वर्षं जिचे श्वास मोजले, तिच्याच तपासणीत मी बाहेर! पंचवीस मिनिटं बाकावर धुमसत होते. दार उघडलं तेव्हा मुलीचे डोळे लाल होते.

"दोन महिने हिला मधूनच धडधड होतेय," बाई म्हणाल्या. "कॉलेजच्या जिन्यात एकदा अंधारी आली. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही घर डोक्यावर घेता."

"मग काय तर," मुलगी पुटपुटली. "तू कॉलेजच बंद केलं असतंस."

केलं असतं. ते खरं होतं, याचाच जास्त राग आला.

त्याच दुपारी तिच्या छातीवर ठोके नोंदवणारं यंत्र लागलं, दोन दिवसांत औषध बदललं. मी बाईंना विचारलं, "मोठ्यांच्या विभागात तुमचं हे काम कोण बघणार?"

"कुणी नाही. तिथेही समन्वयकाची जागा भरा म्हणून मागणी केली होती मी. हॉस्पिटलचे मोठे साहेब म्हणाले, मोठी माणसं आपलं आपण बघतात."

मग बाई स्वतः फाइल घेऊन आमच्यासोबत तिकडे आल्या आणि तिथल्या डॉक्टरांसमोर ठाण मांडून बसल्या. "हिच्या बाकीच्या डॉक्टरांशी कोण बोलणार, ते नाव लिहून द्या. तोवर मी उठत नाही." डॉक्टरांनी निमूटपणे स्वतःचंच नाव लिहिलं, खाली फोन नंबर.

यंदा बाईंच्या विभागातली एकतीस मुलं अठराची होणार आहेत. एकतीस वेळा बाईंनी असं हटून बसायचं? आणि त्या आजारी पडल्या तर? साहेबांना उद्या हेच विचारायला जाणार आहे.

मुलगी म्हणते, "मीही येते. तू ओरडशील, मी बोलते." बघू, आधी कोण ओरडतं ते.