इम्पल्सवर

माझी धाकटी जाऊ रेवती परवा केस मानेच्या वर कापून आली. दारातच मान झटकून म्हणाली, "काही ठरवलं नव्हतं हो वहिनी! पार्लरवरून जात होते, इम्पल्सवर आत शिरले." तिची मान प्रथमच उघडी दिसत होती, भिजवून सोललेल्या बदामासारखी फिकट आणि ओलसर. माझी नजर तिथून हलेना.

पण खरा हेवा वाटला तो त्या शब्दाचा. इंग्रजीत माणसे इम्पल्सवर साडी घेतात, इम्पल्सवर नोकरी सोडतात. जणू दाराशी वाहन उभेच आहे, बसले की निघाले. मराठीत लहर येते, हुक्की येते. ती आपल्याकडे येते आणि आपण जागच्या जागी असतो. शिवाय बाईला ती वरचेवर आली, तर घर तिला लहरी ठरवते. रेवतीच्या इम्पल्सचे मात्र सगळ्यांनी हसून कौतुक केले. ऊर्मी माझ्याकडेही येतात. मी त्यांना बसवून घेते, पाणी देते, आणि त्या उठून जाईपर्यंत विचार करत राहते. पाठीवरची ही जड वेणी मला किती वर्षांपासून नकोशी झाली आहे, हे कुणालाच ठाऊक नाही.

"तुम्हीही कापा ना, वहिनी! आत्ताच चला, मी नेते." रेवतीने माझी वेणी तळहातावर उचलून धरली. भार क्षणात नाहीसा झाला. मानेवर वाऱ्याची गार झुळूक टेकली. 'चल' हा शब्द अगदी ओठांशी आला.

"विचार करून सांगते," मी म्हणाले.