अर्धा दंडवत

मी स्वभावानं संशयी. वकिलाला ते शोभतं, असं मीच लोकांना सांगायचो. पण एका वर्षी त्या संशयानं माझं घरच खायला घेतलं. दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती, आमचा वऱ्हाड अजून मध्यप्रांतात होता. मूतखड्याच्या कळांनी मी गडबडा लोळत होतो, तेव्हा अकोल्याच्या एका डॉक्टरांनी पेथिडीन नावाच्या नव्या औषधाची सुई दिली. "हे अफूचं नाही, कारखान्यात बनते. सवयीची भीती नाही," म्हणाले. खडा पडून गेला, कळा थांबल्या, सुईची ओढ काही थांबली नाही. मी खोटं कण्हून सुई मागू लागलो, पुढे माझ्या गावच्या, अमरावतीतल्याच एका कंपाउंडरकडून कुप्या आणून स्वतःच टोचून घेऊ लागलो. गुण कमी वाटला की वाटायचं, हा कंपाउंडर कुपीत पाणी भरतो आणि माझी बायको त्याला सामील आहे. बंद काचेच्या कुपीत पाणी भरणार कसं, हे वकिलाच्या डोक्यात शिरलं नाही. मी तिला तोंडावर तसं बोललो. तिचं माहेर महानुभावांचं. ती म्हणाली, "रिद्धपूरले चाला माह्यासंगं. एवढं एकच मांगते."

गेलो, पण अंगातल्या बंडीच्या आतल्या डाव्या खिशात दोन कुप्या घेऊनच. रिद्धपूर हे महानुभावांचं तीर्थ; तिथे त्यांचे श्रीप्रभू जिथे जिथे वावरले त्या जागांवर ओटे बांधले आहेत, आणि प्रत्येक ओट्यापुढे पालथं पडून दंडवत घालायचा असतो. मी डावी बाजू राखून नुसताच उजव्या अंगावर वाकत होतो. एका ओट्याशी म्हातारी संन्यासिनी बसली होती.

"दादा, अर्धा दंडवत कावून घालून राहिले?"

बायकोनं हिला पढवून ठेवलंय, हेच माझ्या मनात आधी आलं. पण बायकोचाही चेहरा गोंधळलेला होता. "छातीत दुखते," मी दडपून खोटं बोललो.

"मंग दुखरी बाजू आधी देवाले द्या न."

चार लोक बघत होते. लाजेकाजेस्तव मी पुरता पालथा पडलो आणि छातीखाली काच फुटली.

त्यानंतरचे तीन दिवस तिथल्याच एका खोलीत मी घामानं भिजलो, ओकलो, त्या म्हातारीला नाही नाही ते बोललो. ती पेज पाजत राहिली, बायको पाय चेपत राहिली. चौथ्या दिवशी औषधाशिवाय झोप लागली. निघताना म्हातारीला विचारलं, "तुमाले कोनं सांगतलं होतं?"

"काय सांगतलं, बापा?" एवढंच म्हणाली ती. उलटतपासणी माझ्या ओठांवर होती, पण घेतली नाही. ते कोडं आजही सुटलेलं नाही, आणि आता सोडवावंसंही वाटत नाही.

घरी आल्यावर कचेरीचा पहिला दिवस. संध्याकाळी दारातच बायकोनं माझे खिसे चाचपले. जुना राग उसळून आला. मग मी हात वर केले, बाह्या गुंडाळून दंडही दाखवले. त्याला वर्षं झाली. ती रोज चाचपते, मी रोज उभा राहतो. परमेश्वराला शरण जाणं मला अजून धड जमत नाही, तिच्यापुढे उभं राहणं जमतं, तीही त्याचीच कृपा. परवा बोलता बोलता ती एकच खिसा चाचपून आत निघाली.

मी म्हणालो, "थांब, दुसरा राहिला."