भिंतीकडे तोंड केलेले जबडे

माझ्या मेहुण्यांना अख्ख्या पनवेलमध्ये एकाही माणसाचा चेहरा आठवत नाही, पण एकदा पाहिलेला दात ते जन्मात विसरत नाहीत. मंडईत कुणी नमस्कार करून उभं राहिलं की हे कोऱ्या नजरेने बघत राहतात. तो बिचारा ओशाळून हसतो आणि यांना लगेच ओळख पटते. "अरे, तुम्ही होय. दाढ काय म्हणते?" आपण स्वतः कसे आहोत, हे सांगायची वेळ त्या माणसावर कधी येत नाही.

मेहुणे दातांचे डॉक्टर, पण त्यांच्या दवाखान्यात माणसांपेक्षा जबडेच जास्त. उपचाराआधी घेतलेला प्रत्येकाचा प्लास्टरचा जबडा त्यांनी फळीवर मांडून ठेवलाय. शटर उघडलं की आधी "कसं काय मंडळी" म्हणून त्यांना फडक्याने पुसायचं, मग जिवंत पेशंट आत घ्यायचे. एखादा वारला, की त्याचा जबडा भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. भर दुपारीही त्या फळीकडे पाठ करून बसायचं मला धाडस होत नाही. करंजा बंदरावरची एक कोळीण मात्र बिनधास्त येते. एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "डाक्टर, आमच्या मालकांना जरा फिरवा. पोराचा लगीन ठरलाय, सांगायचा हाय." मेहुण्यांनी निमूटपणे जबडा फिरवला आणि तिचं बोलणं होईपर्यंत आम्ही दोघे बाहेर रस्त्यावर उभे राहिलो.

त्या फळीवर माझी बायकोही आहे, म्हणजे यांची धाकटी बहीण. तिचे समोरच्या दातांशेजारचे दोन दात तांदळाएवढे बारीक होते. आयुष्यभर ती तोंडावर हात धरून हसली. पुरे केल्यावर कसे दिसतील याचा नमुना म्हणून भावाने तिच्या जबड्यावर मेणाचे दात घडवूनही ठेवले होते, पण ती आज-उद्या करत राहिली आणि एक दिवस गेलीच.

मुलीने आईचे तेच दात घेतले, आणि कुणी न शिकवता तो हातही. ती हसली की मी दचकायचो. खारघरच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिच्या दातांना तारा लावल्या. दात ओळीत आले तशी मुलगी तारांना कंटाळली, आणि बाई म्हणाल्या, उरलेल्या फटी मिटवून मोकळं करू. मेहुणे हवालदिल झाले. फटी मिटल्या तर बारीक दात भरून मोठे करायला जागाच उरणार नाही आणि पोरगी जन्मभर हाताआड हसेल, हे त्यांनी बाईंना फोनवर परोपरीने सांगितलं. शेवटी आवाज उतरवून म्हणाले, "जागा ठेवा हो. तिथे कुणीतरी यायचंय."  बाईंनी जागा ठेवली.

तारा निघाल्या त्या दुपारी मेहुण्यांनी तिचे दोन्ही दात भरून पुरे केले. खुर्चीवरून ते क्षणभरही उठले नाहीत. मग आरसा हातात दिला. मुलगी हसली, हात वर आला आणि अर्ध्यावरच थांबला.  ते हसू तिच्या आईचं होतं, आणि अख्ख्या संसारात मी ते असं पुरतं कधीच पाहिलं नव्हतं.

"हे दात कुठून आणले, दादा?" मी विचारलं.

"तयारच होते, जावईबापू. घालायचे राहिले होते."

निघताना माझं लक्ष फळीकडे गेलं. भिंतीकडे तोंड केलेल्या जबड्यांतला एक आमच्याकडे बघत होता. तो कधी फिरला आणि कुणी फिरवला, हे मी विचारलं नाही. मुलगी बाहेर चपला घालत होती. मला तिच्या आईची फार आठवण आली. मी फळीजवळ गेलो, हळूच म्हटलं, "पाहिलंस ना?" आणि थोडा वेळ तिथेच थांबलो.